अर्ज परत का आला? कार्टिंगविषयी खान्देशातील क्रीडागौरव समित्यांना खुले पत्र

प्रति,
धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांत गुणवंत खेळाडूंचे सत्कार आणि शिष्यवृत्त्या ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सन्माननीय सदस्य,

विषय: कार्टिंगच्या शर्यती खेळणाऱ्या मुलामुलींचे अर्ज मोटरस्पोर्ट या क्रीडाप्रकारात स्वीकारण्याबाबत.

सनविवि.

धुळ्यात माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. गेली ३१ वर्षे मी दुचाकींची आणि शेतीपंपांची इंजिने रिबोअर करतो, क्रँक बसवतो, घासलेले सिलिंडर पुन्हा मापात आणतो. क्रीडाक्षेत्राशी माझा संबंध आला तो धाकट्या भावाच्या मुलीमुळे. ती वयाच्या दहाव्या वर्षापासून कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी, बिनछताची चारचाकी, चालवते आणि तिच्या कार्टचे मेकॅनिकचे सगळे काम माझ्याकडे असते. हे पत्र मी आधी तिच्यापुरतेच लिहायला घेतले होते. पण खान्देशातून या खेळाकडे वळू पाहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या वाटेत हीच अडचण येणार आहे, हे लिहिता लिहिता ध्यानात आले, म्हणून ते आपणा सर्वांना उघडपणे लिहीत आहे.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका समितीकडे आम्ही तिचा अर्ज दिला. ती तेव्हा १४ वर्षांची होती. अर्जाला राष्ट्रीय महासंघाच्या परवान्याची प्रत आणि तीन शर्यतींचे अधिकृत निकाल जोडले होते. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला आणि त्याच्या कडेला निळ्या शाईत शेरा होता: सदर प्रकार मनोरंजनाचा असून अर्जदाराने मोटारींच्या शर्यतीत भाग घेतल्यानंतर पुन्हा अर्ज करावा. समितीचे नाव मी येथे घेत नाही, कारण हा समज एकाच समितीचा नाही. मला तो बँकेत, शाळेत, लग्नाच्या पंगतीतही ऐकायला मिळाला आहे. शेऱ्याचा दुसरा भाग मात्र मुद्दाम नजरेस आणून द्यावासा वाटतो. मोटारींच्या सर्किट शर्यतींची पहिली आंतरराष्ट्रीय पायरी असलेल्या फॉर्म्युला ४ मध्ये उतरण्यासाठी किमान १५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जी गोष्ट नियमानेच तिला करता येत नव्हती, ती केली नाही म्हणून तिचा अर्ज नाकारला गेला.

कार्टिंग म्हणजे करमणूक, हा समज कुठून येतो ते मला कळते. पुण्या-मुंबईच्या सहलीत मुले भाड्याच्या गो-कार्टमध्ये बसतात. त्या गाडीला चहूबाजूंनी बंपर असतो, साडेपाच-सहा अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक इंजिन असते, आणि दहा मिनिटे झाली की माणूस झेंडा दाखवून आत बोलावतो. त्यात आनंद आहे आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पारखायला आलेला माणूस चौपाटीवरच्या फेरीवरून घोड्याच्या दौडीचा अंदाज बांधत नाही. शर्यतीची कार्ट आणि भाड्याची कार्ट यांच्यात तितकेच अंतर आहे.

शर्यतीच्या कार्टचे आकडे मी वर्कशॉपच्या भाषेत सांगतो. आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी आरएक्स हंड्रेड चालवली असेल. तिचे इंजिन ११ अश्वशक्तीचे होते आणि तेवढ्यावर तिने खान्देशातल्या एका पिढीला वेड लावले. कार्टिंगमध्ये जगभर चालणाऱ्या रोटॅक्स मॅक्स या स्पर्धामालिकेच्या सिनिअर गटातले १२५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन सुमारे ३० अश्वशक्ती देते आणि चालकासह कार्टचे वजन १६० किलोच्या आसपास भरते. टनाच्या हिशेबाने ही ताकद रस्त्यावरच्या साध्या लहान मोटारीच्या दुपटीहून जास्त होते. मुलांच्या ज्युनिअर गटातले इंजिन थोडे कमी ताकदीचे असते, पण तेही सरळ पट्ट्यावर ताशी शंभराच्या घरात पोहोचते. चालक जमिनीपासून चार बोटे वर बसलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर छत किंवा अंगाभोवती पिंजरा नसतो. सीटबेल्टही नसतो.

ताकदीचे आकडे मात्र शर्यतीचे सगळे सांगत नाहीत. खरे कौशल्य वळणात दिसते, आणि ते समजावून सांगायला खान्देशातल्या शेतकऱ्याइतका जाणकार श्रोता मला दुसरीकडे मिळणार नाही. काळ्या मातीच्या चिखलात ट्रॅक्टरचे एक चाक फिरू लागले की आपण डिफरन्शियल लॉक दाबतो. मग मागची दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. पण लॉक तसाच ठेवून वळायला गेले तर ट्रॅक्टर वळत नाही, सरळ ढकलत राहतो आणि टायर घासतात, हे ट्रॅक्टर हाकणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले आहे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते आणि आतल्याला कमी, म्हणून मोटारीत डिफरन्शियल असते. कार्टला ते नसते. मागची दोन्ही चाके एकाच अखंड ॲक्सलवर घट्ट बसवलेली असतात, म्हणजे कार्टमध्ये हा लॉक कायमचा लागलेला असतो.

तरीही कार्ट वळते, कारण चालक प्रत्येक वळणात मागचे आतले चाक जमिनीपासून उचलतो. स्टिअरिंग फिरवले की पुढच्या चाकांच्या तिरप्या भूमितीमुळे आतले पुढचे चाक खाली दाबले जाते आणि बाहेरचे वर जाते. त्याच क्षणी चालकाच्या अंगाचा भार बाहेर सरकतो, पोलादी नळ्यांची चॅसी पीळ खाते आणि मागचे आतले चाक काही मिलिमीटर हवेत जाते. वळण संपताच ते पुन्हा रस्त्याला टेकले पाहिजे. उशिरा टेकले तर ताकद वाया जाते. लवकर टेकले तर कार्ट अडते आणि इंजिनचे फेरे पडतात. कार्टला शॉकॲब्झॉर्बर नसतात, स्प्रिंग नसते, पाटे नसतात. चॅसीचा पीळ हेच तिचे सस्पेन्शन असते आणि चालकाचे शरीर त्याचा एक भाग असते. पुतणी सरावातून आत आली आणि हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, “नाना, मजारनं चाक उचलाई नही ऱ्हायनं,” की मी सीटचे बोल्ट सैल करून सीट पाच मिलिमीटर वर घेतो, आणि पुढच्या फेरीत तिचा वेळ सेकंदाच्या दोन दशांशांनी खाली आलेला असतो. आतले चाक उचलत नाही हे १४ वर्षांच्या मुलीने पाठीच्या कण्याने ओळखायचे आणि नेमक्या शब्दांत मेकॅनिकला सांगायचे, याला मी उच्च प्रतीचे मोटर चालवणे म्हणतो. ३१ वर्षांत मोठमोठ्या गाड्यांचे मालक माझ्या दारात येऊन गेले. ‘काहीतरी आवाज येतो’ यापलीकडे त्यांतल्या बहुतेकांना सांगता आले नाही.

इंजिनची गोष्टही अशीच. रोटॅक्स गटात इंजिन अधिकृत केंद्राकडून सीलबंद होऊन येते, म्हणजे पैसेवाल्याच्या आणि आमच्यासारख्याच्या इंजिनात फारसा फरक राहत नाही. कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल किती जावे ते ठरवणारा बारीक छिद्राचा तुकडा, मात्र बदलता येते आणि ते हवेवर ठरते. पहाटेच्या गार, दाट हवेत मोठे जेट लागते. दुपारच्या तापलेल्या, विरळ हवेत लहान. सकाळी जेट लहान राहिले तर इंजिनला पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापून जाम होतो आणि शर्यत तिथेच संपते. भुसावळ-जळगावकडचा उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना हवेचे हे वागणे वेगळे शिकवावे लागत नाही. प्रत्येक फेरीनंतर मी स्पार्क प्लग काढतो आणि आम्ही दोघे तो उजेडात धरून पाहतो. बिस्किटासारखा तपकिरी रंग आला तर जेट बरोबर, पांढुरका आला तर धोका, काळा आणि ओलसर आला तर पेट्रोल जास्त होते आहे. हे वाचन ती आता माझ्याआधी करते.

शरीरावर काय बेतते तेही थोडे सांगतो. वळणात अंगावर स्वतःच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास जोर बाजूने येतो आणि तो फायबरच्या सीटच्या कडेवर, म्हणजे बरगड्यांवर उतरतो. बरगड्यांचे कवच घालूनही घरी आल्यावर तिच्या आईला निळे डाग दिसतात. स्टिअरिंगला पॉवरची मदत नसते. या गटांत ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो, त्यामुळे तो अंमळ जास्त दाबला की मागची चाके जाम होतात आणि कार्ट गर्रकन फिरते. तिच्या तळहातांना घट्टे पडले आहेत आणि रोज संध्याकाळी ती ओला पंचा पिळून मनगटांचा व्यायाम करते.

आता अधिकृत बाजू, कारण समितीने निर्णय कागदावर घ्यायचा असतो. जगात मोटारींच्या शर्यतींचे नियमन करणारी एफआयए हीच संस्था फॉर्म्युला १ चे जागतिक विजेतेपद देते आणि कार्टिंगचेही देते. कार्टिंगसाठी तिने १९६२ मध्ये स्वतंत्र आयोग नेमला आणि १९६४ मध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा रोममध्ये झाली. ती इटलीच्या गुइडो सालाने जिंकली. जागतिक रॅली अजिंक्यपद मालिका १९७३ मध्ये सुरू झाली, म्हणजे कार्टिंगचे जागतिक विजेतेपद रॅलीच्या मालिकेहून नऊ वर्षांनी जुने आहे. रॅलीचालक गौरव गिल यांना २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा मोटारीची शर्यत हा खेळ आहे की नाही हा प्रश्न देशापुरता तरी मिटला. आपल्याकडे केंद्र सरकारची मान्यता असलेला मोटरस्पोर्टचा राष्ट्रीय महासंघ, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, रॅलीला, सर्किटवरच्या मोटारींना आणि कार्टिंगला परवाने देतो. माझ्या पुतणीच्या अर्जाला जोडलेला परवाना याच महासंघाचा होता. मग समितीने आणखी कोणता पुरावा मागायला हवा होता?

कार्टचा जन्मही शर्यतीच्याच घरातला आहे. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून पहिली कार्ट तयार केली. इंगल्स हे कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात काम करत आणि तिथे इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या मोटारी घडत. भंगारातल्या इंजिनातून काहीतरी उभे करण्याची ही रीत आमच्या धंद्यातल्या माणसाला परकी वाटत नाही.

कार्टिंगच्या बाजूने बोलणारे बहुतेक लोक लगेच मोठ्या चालकांची यादी सांगतात. आयर्टन सेना, मिखाएल शुमाखर, फर्नांडो अलोन्सो, लुइस हॅमिल्टन, मॅक्स व्हर्स्टापन हे सगळे कार्टमधून आले, आणि आपल्याकडे मुंबईच्या जेहान दारूवालाची फोर्स इंडिया या फॉर्म्युला १ संघाने नवोदितांच्या शोधात केलेली निवड २०११ मध्ये कार्टवर घेतलेल्या चाचणीतूनच झाली. पुढे २०२० मध्ये फॉर्म्युला २ ची, म्हणजे फॉर्म्युला १ च्या लगेच खालच्या पायरीची, शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. हे सगळे खरे आहे. तरी केवळ या यादीच्या आधारावर कार्टिंगला मान्यता मागणे मला पटत नाही, कारण त्यातून कार्टिंग म्हणजे निव्वळ बालवर्ग आहे आणि पुढच्या वर्गात गेलेल्यांमुळेच त्याला किंमत आहे, असा अर्थ निघतो. शेऱ्यातल्या ‘मोटारींच्या शर्यतीत भाग घेतल्यानंतर’ या शब्दांमागे हाच विचार आहे. शिवाय अपवादही आहेत. २००५ मध्ये फॉर्म्युला १ मध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन फ्रान्समधल्या मोटार-शर्यतीच्या शाळेतून पुढे आला.

मला महत्त्वाचे वाटतात ते कार्टिंगमध्येच राहिलेले लोक. माइक विल्सन याने १९८१ ते १९८९ या काळात सहा वेळा कार्टिंगचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि तो कधीही फॉर्म्युला १ मध्ये आला नाही. टेरी फुलर्टन १९७३ चा जगज्जेता. सेना फुलर्टनच्याच संघात होता आणि १९७९ व १९८० या दोन्ही वर्षी जागतिक स्पर्धेत दुसरा आला. कार्टिंगचे जागतिक विजेतेपद सेनाला कधीच मिळाले नाही. तीन वेळा फॉर्म्युला १ चा जगज्जेता झाल्यानंतर, १९९३ मध्ये, कोणत्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यात सर्वांत समाधान मिळाले असे पत्रकाराने विचारले तेव्हा त्याने फॉर्म्युला १ मधल्या कोणाचे नाव घेतले नाही. त्याने फुलर्टनचे नाव घेतले आणि ती निखळ शर्यत होती, तिच्यात पैसा आणि राजकारण नव्हते, अशा अर्थाचे उत्तर दिले. शुमाखर तर २००१ मध्ये, फॉर्म्युला १ चा जगज्जेता असताना, आपल्या गावच्या केर्पेन ट्रॅकवर कार्टिंगच्या जागतिक स्पर्धेत उतरला. त्या वर्षीचे विजेतेपद इटलीच्या विटान्टोनिओ लिउझीकडे गेले. सर्वोच्च मोटारीतला सर्वोच्च चालक परत येतो आणि त्याला तिथे कार्टिंगचे खास चालक हरवतात, असे ज्या खेळात घडते त्या खेळाला बालवर्ग कसे म्हणता येईल?

एक नाव माझ्या पुतणीच्या अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवलेले आहे. इटलीच्या सुझाना रागानेल्लीने १९६६ मध्ये पुरुषांबरोबर त्याच ट्रॅकवर, त्याच गटात लढून कार्टिंगचे जागतिक विजेतेपद जिंकले. मुली खेळांत मागे पडतात म्हणून आपण वेगळ्या योजना काढतो. या खेळात साठेक वर्षांपूर्वीपासून त्यांना वेगळी रांग लावावी लागलेली नाही, एवढी एक गोष्टसुद्धा समितीच्या नजरेत भरायला हवी.

मोटारींच्या शर्यतीत जे आहे ते सगळे कार्टिंगमध्ये आहे, असा माझा दावा नाही. ल मॉंसच्या २४ तासांच्या शर्यतीत रात्र जागून, चालक बदलत मोटार चालवायची असते; फॉर्म्युला १ मध्ये हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला चिकटवून ताशी ३०० च्या वर न्यायची असते; चाके बदलायला थांबण्याचे डावपेच असतात, पन्नास माणसांचा संघ असतो. कार्टची शर्यत पंधरा-वीस मिनिटांत संपते. तिच्यात चूक सुधारायला वेळ नसतो, आणि तीसेक कार्ट एकमेकींना चिकटून पहिल्या वळणात शिरतात. या दोन गोष्टींत थोरले-धाकटे ठरवायला आपल्याला कोणी सांगितलेले नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते बँटमवेट गटात, ५७ किलोच्या मर्यादेत. ते हेवीवेट गटात लढल्यावर पुन्हा पाहू, असे महाराष्ट्रात कोणी म्हटले नाही. आमच्या खान्देशातल्या प्रत्येक तालमीत त्यांचे नाव आदराने घेतले जाते, आणि कमी वजनाच्या गटात चपळाई जास्त लागते हेही तिथला प्रत्येक वस्ताद सांगतो.

आपल्या शेऱ्याचा परिणाम काय होतो, ते सांगून विनंतीकडे येतो. सरावासाठी आम्हाला घराजवळ ट्रॅक नाही. कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकवर, जिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत, जायचे म्हणजे धुळ्याहून साडेपाचशे किलोमीटरच्या घरात प्रवास होतो. शुक्रवारी दुपारी शाळा सुटली की आम्ही कार्ट पिकअपमध्ये बांधतो, ताडपत्री टाकतो, भाकरी आणि भरताचा डबा घेतो आणि रात्रभर गाडी चालवतो. टायरचा एक संच, दोन दिवसांचे पेट्रोल, ट्रॅकचे भाडे आणि डिझेल एवढ्यात माझ्या वर्कशॉपची महिन्याची कमाई जाते. समितीच्या शिष्यवृत्तीची रक्कम टायरच्या दोन संचांइतकी होती, आणि दोन संच म्हणजे तिच्यासाठी दोन शर्यती. पण पैशांपेक्षा तो शेरा तिला अधिक लागला. अर्ज परत आला त्या संध्याकाळी ती वर्कशॉपमध्ये आली, चेन पुसली, तेल लावले, आणि मला म्हणाली की आता शाळेत कोणी विचारले तर मी काय खेळते असे सांगू. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही.

म्हणून माझी आपणा सर्वांना विनंती आहे की, राष्ट्रीय महासंघाचा परवाना आणि त्याच्या मान्यतेच्या स्पर्धेचा निकाल ज्या अर्जाला जोडलेला असेल, तो कार्टिंगचा असला तरी मोटरस्पोर्टचा अर्ज म्हणून स्वीकारावा आणि मोटारीच्या शर्यतीची अट काढून टाकावी. सहलीतल्या भाड्याच्या फेऱ्यांचे अर्ज येतील अशी शंका असेल, तर ही दोन कागदपत्रे त्यावरचा पुरेसा बंदोबस्त आहेत. आणि निर्णयापूर्वी समितीतील निदान एका सदस्याने एक शर्यत समक्ष पाहावी. ते शक्य नसेल तर आमच्या वर्कशॉपमध्ये यावे. कार्ट स्टँडवर उभी असते. मागचे एक चाक हाताने फिरवले की दुसरेही त्याच्याबरोबर फिरते, आणि अशा गाडीने वळायचे कसे हे माझी पुतणी आपल्याला स्टिअरिंग हातात धरून दाखवेल.

परत आलेला अर्ज मी या वर्षीचे दोन निकाल जोडून त्याच समितीकडे या आठवड्यात पुन्हा पाठवत आहे. त्यावर जो निर्णय होईल तो कारणांसह लेखी कळवावा.

आपला,
धुळ्यातील एक लेथ-वर्कशॉप चालक
आणि कार्टचालक मुलीचा काका